श्रीमुख सालातली रामनवमी

१९५८ साल. माझं वय तेव्हा चोवीस होतं की पंचवीस, ह्याच एका गोष्टीवर सगळं अडलं होतं. म्हणून इथं सुरुवातीला आकडा लिहीत नाही. मलाच तो ठाऊक नव्हता.

मी मद्रासला तिरुवल्लिकेणीत, देवळामागच्या गल्लीतल्या एका वर्कशॉपात फिटर होतो. पंखे, पंप, शिवणाची मशिनं, छापखान्याचे रूळ, जे येईल ते दुरुस्त करायचं. शाळा म्हणाल तर तंजावरला एका मास्तराच्या ओट्यावर. मास्तर आपल्या घराच्या ओट्यावर बसायचा आणि आमच्याकडून वाळूवर बोटानं अक्षरं काढून घ्यायचा. तिथं हजेरी नाही, दाखला नाही. मास्तर मेला, शाळा मेली. मराठी लिहा-वाचायला मला आईनं शिकवलं, तमिळ रस्त्यानं शिकवलं. इंग्रजी कुणी शिकवलं नाही आणि मीही कुणाच्या दारात शिकवा म्हणून उभा राहिलो नाही. आमची मराठी तंजावरची, पिढ्यानपिढ्या तिकडं राहून मुरलेली. पुण्या-मुंबईहून बदलून आलेले रेल्वेतले लोक ती ऐकून हसायचे. हसू देत. त्यांचं तमिळ ऐकून रिक्षावाले हसायचे, ते त्यांना कळायचं नाही.

वडील नव्हते. आई घरोघरच्या मागणीप्रमाणं अप्पळ, म्हणजे तिकडचे पापड, लाटायची. उडदाच्या पिठातला पापडखार बोटांच्या पेरांत शिरून तिची कातडी फाटायची, रात्री ती खोबरेल लावून बसायची. समोरच्या खोलीत मामा राहायचे, आईचे धाकटे भाऊ, सरकारी कचेरीत कारकून. आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो आधी मामांच्या हातात जायचा.

त्या उन्हाळ्यात अंबत्तूरच्या पलीकडं एक सरकारी कारखाना माणसं घेत होता. मी परीक्षा दिली. त्यांनी लोखंडाचा वेडावाकडा तुकडा आणि कानस हातात दिली, म्हणाले चौरस कर. मी केला. तपासणाऱ्यानं त्याला काटकोन बघायचा गुण्या लावला, उजेडाकडं धरला, आणि तुकडा परत ठेवण्याऐवजी शेजारच्या माणसाला दाखवायला घेऊन गेला. ते मी अजून विसरलो नाही. विसरायचं कशाला?

मग पत्र आलं. मामांनी वाचून दाखवलं. गुरुवारी सकाळी हजर व्हायचं, साहेबाला भेटायचं, येताना जन्मतारखेचा पुरावा आणायचा. एक जुलैला पंचवीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. झाली असतील तर येऊ नये.

"अक्का," मामांनी आईला विचारलं, "हा नक्की केव्हाचा?"

"श्रीमुखांतला. रामनवमीस झाला. दुपारीं, देवळांत नगारा वाजत होता."

"ते झालं. इंग्रजी तारीख?"

"मज काय ठाऊक इंग्रजी? मी काय तेव्हां मडमेच्या बंगल्यावर बाळंत झालें?"

पत्रिका वडिलांच्या आजारपणात जोशाकडं दाखवायला गेली ती परत आलीच नव्हती. मामा म्हणाले, ओळखीचा नोटरी आहे, तो शपथपत्र करून देईल, पण त्याला काहीतरी आधार लागतो. नुसतं आईनं सांगितलं चालत नाही.

"आईनं सांगितलेलं चालत नाही? मग कुणाचं चालतं? तिथं हजर तीच होती ना?" मी म्हटलं.

"तू वाद कारखान्यात लागल्यावर घाल. समुद्रावरच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत जुनी पंचांगं आहेत. रेफरन्सला एक बाई बसतात. त्या बघून लिहून देतात. त्यांचा कागद नोटरी मानतो."

त्या बाई मला ठाऊक होत्या. त्यांना मी ठाऊक नव्हतो. वर्कशॉपातर्फे त्या लायब्ररीतल्या पंख्यांना तेल घालायला मी दर उन्हाळ्यात जायचो. शिडीवर बसलं की खालचं सगळं दिसतं. मोठ्या दालनाच्या तोंडाशी त्यांचं टेबल, मागं जाडजूड पुस्तकांचं कपाट. संशोधन करणारी मुलं घाईघाईनं यायची, म्हणायची, मॅडम, अमुक राजा कधी मेला? बाई त्यांना उत्तर देण्याऐवजी उलट विचारायच्या. कुठला राजा, कशासाठी पाहिजे, आधी कुठं बघितलं, तिथं काय मिळालं? मुलगा रडकुंडीला आला की एक पुस्तक काढून द्यायच्या. "ह्यात बघा. नाही सापडलं तर परत या." मी वर बसून मनात म्हणायचो, हिला उत्तर येत नसणार, म्हणून पुस्तक देते.

मंगळवारी दुपारी मी हात सोड्यानं घासून, धुतलेला शर्ट घालून गेलो. बाई तिशीच्या असतील. कांजीवरमची साधी सुती साडी, चष्मा, समोर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

"उक्कारुंगो," म्हणाल्या. बसा. पुढचं सगळं बोलणंही तमिळातच झालं.

मी उभाच राहिलो. बसलं की मागायला आल्यासारखं वाटतं.

"तुमचा प्रश्न काय?"

"माझं वय."

"ते तुम्हाला ठाऊक असायला हवं."

"असतं तर इथं आलो असतो कशाला?"

शेजारच्या टेबलावरचा एक विद्यार्थी फिसकन हसला. मी त्याच्याकडं बघितलं, तो परत पुस्तकात गेला. बाई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी एक चिठ्ठी पुढं ओढली.

"तुमचं वय कुठल्याच पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या. "पुस्तकात दिवस असतात. तुम्हाला काय काय ठाऊक आहे ते सांगा. त्यातलं पुस्तकात काय सापडण्यासारखं आहे ते आपण बघू."

आणि माझीही तीच गत सुरू झाली जी त्या मुलांची व्हायची. सालाचं नाव? श्रीमुख. महिना? महिना कशाला, रामनवमी म्हटलं की आलं. दिवस की रात्र? दुपार. वार? ठाऊक नाही. गाव? तंजावर. हे सगळं सांगितलं कुणी? आईनं. तिला नक्की आठवतं? अम्मा, बाळंतपण तिचं होतं, मी बाईंना म्हटलं.

"सालांची नावं साठ वर्षांनी फिरून येतात," त्या म्हणाल्या. "हे अलीकडचं श्रीमुख, की त्याच्या आधीचं?"

"आधीचं असतं तर पंच्याऐंशी वर्षांचा म्हातारा तुमच्यापुढं उभा असता."

तेव्हा त्यांच्या ओठाची एक कड जरा हलली. चिठ्ठीवर लिहून त्यांनी मला वाचून दाखवलं. श्रीमुख वर्षातली श्रीरामनवमी इंग्रजी कोणत्या तारखेला आली? "हाच ना तुमचा प्रश्न?"

"हाच."

त्या आत जाऊन एक तमिळ पंचांग घेऊन आल्या. उघडून माझ्यासमोर ठेवलं, स्वतः बघितलं नाही. म्हणाल्या, तमिळ येतं ना वाचता, मग बघा. पंगुनीचं, वर्षातल्या शेवटच्या महिन्याचं पान काढा. नवमी शोधा. मला राग आला. पगार ह्यांना, आणि शोधायचं मी. पण आता मागं फिरणं बरं दिसलं नसतं. मी रांगेरांगेनं बोट खाली नेलं, आणि सापडली. श्रीरामनवमी. समोरच्या रकान्यात इंग्रजी तारीख. मार्च १९३४.

बाईंनी ती पडताळून पाहिली. मग वर नाव छापलेल्या कागदावर इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, सही केली, विभागाचा शिक्का मारला. "ह्यात तुमचं वय लिहिलेलं नाही," त्यांनी बजावलं. "ह्या पंचांगात हा दिवस ह्या तारखेला पडतो, इतकंच लिहिलंय. बाकीची शपथ तुमची."

मार्च चौतीस. म्हणजे चोवीस. एक जुलैलाही चोवीस. मी समुद्राच्या बाजूनं घरी चालत आलो, तो कागद शर्टाच्या खिशात आणि खिशावर हात ठेवून.

आई जमिनीवर बसून अप्पळ लाटत होती. मामा कचेरीतून आलेच होते. त्यांनी कागद वाचला, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा जरा बदलला. कागद त्यांनी पटकन घडी घालून माझ्याच खिशात परत सारला.

"उत्तम. गुरुवारी सकाळी जाता जाता नोटरीकडं शपथ घेऊ. काम झालं."

"कोणती तारीख निघाली?" आईनं विचारलं.

"निघाली अक्का, चांगली निघाली. तू अप्पळ लाट."

"चांगली म्हणजे? दिवाळीच्या आधींची कीं मागूनची?"

"कुठली दिवाळी?"

"ते गेले ती दिवाळी."

मामांनी माझ्या खिशाकडं बघितलं.

"तू त्याच वर्षीं कचेरींत लागलास," आई म्हणाली. "तुज इंग्रजी साल ठाऊक असेल."

"तेहेतीस," मामा भिंतीकडं बघत म्हणाले.

"आणि ह्या कागदांत?"

"चौतीस."

आईचं लाटणं थांबलं. मला अजून समजलं नव्हतं. तिला आधी समजलं.

"म्हणजे ते गेले आणि मागून हा झाला?"

"अक्का, कागदावरची गोष्ट आहे. कागदावरच राहील."

"ह्यास मांडीवर घेऊन त्यांनी उष्टावण केलें! दिवाळी आठ दिवसांवर होती. अंगांत ताप होता, उठवत नव्हतें, तरी उठून बसले. म्हणाले, माझ्या हातूनच भरवीन. रुप्याची वाटी शेजारच्या अम्माळकडून मागून आणली. ह्यानें पायसाचा पहिला घांस त्यांच्या धोतरावर थुंकला, आणि ते हसले. मी पाहिलें. तूही होतास रे तिथें! वाटी तूच आणलीस!"

"होतो," मामा म्हणाले. "होतो म्हणून तर म्हणतो, आपल्याला ठाऊक आहे ना? मग झालं. साहेबाला कशाला ठाऊक पाहिजे?"

इथं वाचणाऱ्याला एक सांगायला हवं. वडील रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे होते, तापानं गेले. त्यांचा फोटो नाही. त्यांची एकही वस्तू घरात उरली नव्हती. माझ्याकडं वडिलांचं म्हणून काय होतं, तर तो एक घास. लहानपणापासून आईनं तो मला इतक्यांदा सांगितला होता की धोतरावरचा डाग मला स्वतः बघितल्यासारखा दिसायचा. आणि आमच्या लोकांत बाप गेल्यावर जन्मलेल्या पोराला काय म्हणतात, बापाला गिळून आला म्हणतात, तेही मी ऐकलेलं होतं. मला कधी कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायला कुणाला जागाच नव्हती.

बुधवारी वर्कशॉपात न जाता मी लायब्ररी उघडायच्या वेळेला दारात उभा राहिलो. शिपायानं विचारलं, पंखे का? मी म्हटलं, पंखे नाही.

बाई टेबलाशी बसल्या तशी मी कागद समोर आपटला.

"अम्मा, तुमच्या पुस्तकाप्रमाणं मी बाप मेल्यावर जन्मलो."

"हळू बोला. लोक वाचताहेत."

"वाचू देत. माझ्या बापानं मला मांडीवर घेऊन पहिला घास भरवलाय. तो तेहेतीसच्या दिवाळीत गेला. आता सांगा."

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कागद उचलला, वाचला, आत जाऊन तेच पंचांग घेऊन आल्या, तेच पान काढलं. ह्या वेळी बोट त्यांनी फिरवलं. मग चष्मा काढून पुसला.

"पंचांग बरोबर आहे."

"मग माझी आई खोटी?"

"असं मी म्हटलं नाही."

"पुस्तक खरं असेल तर आई खोटी. तिसरं काय असतं?"

"तिसरं म्हणजे आपला प्रश्न चुकला असेल," त्या म्हणाल्या. "पुन्हा सांगा. सगळं सांगा."

पुन्हा तेच. श्रीमुख, रामनवमी, तंजावर, दुपार. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. मी तोंड फिरवून स्वतःशीच पुटपुटलो, "आई गे, हिला आतां कसें सांगूं मी?"

त्यांचं पेन थांबलं. "हे काय बोललात?"

"काही नाही. घरची भाषा."

"घरची कुठली?"

"मराठी."

"तुम्ही तमिळ नाही?"

"मी तंजावरचा आहे, सांगितलं की काल."

"तंजावर म्हणालात, आणि बोलता तर असं तमिळ..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. दुसऱ्या वेळी असं कुणी म्हटलं असतं तर माझी छाती फुगली असती. "मला सांगा, तुमच्या घरी नवं वर्ष कधी लागतं?"

"पाडव्याला."

"चित्तिरैच्या पहिल्या दिवशी नाही?"

"ते तुमचं. त्या दिवशी शेजारून आमच्याकडं कडुनिंबाच्या फुलांची पच्चडी येते, आम्ही खातो. पण वर्ष आमचं पाडव्याला."

बाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग मला समजावून सांगितलं. तुम्हालाही सांगतो, अवघड काही नाही. सालांची नावं आमची आणि तमिळांची एकच. आमचं श्रीमुख ते त्यांचंही श्रीमुख. पण आम्ही साल पाडव्याला बदलतो, आणि ते बदलतात एप्रिलच्या मध्यावर. रामनवमी पाडव्यानंतर लगेच येते. त्या वर्षी ती बरोबर दोघांच्या मधल्या फटीत पडली. आमच्या घरी श्रीमुख लागलेलं होतं, भिंतीपलीकडच्या तमिळ घरात अजून मागचंच साल चाललेलं होतं. त्यांच्या श्रीमुखात जी रामनवमी आली, ती जवळजवळ वर्षभरानं. माझ्या बोटाला सापडली ती त्यांची होती.

"सगळं विचारलं मी तुम्हाला," बाई म्हणाल्या. "साल कुणाचं, तेवढं विचारलं नाही."

त्या आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. मी पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसलो. आल्या तेव्हा पदराला धूळ लागलेली होती आणि हातात मराठी पंचांग होतं, मुंबईचं छापलेलं, कडा किड्यांनी खाल्लेल्या. माझ्यासमोर ठेवलं. "हे तुम्ही वाचा. मला देवनागरी येते, पण हे तुमचं आहे."

पहिल्याच पानावर, श्रीमुखनाम संवत्सर. पाडव्याचं पान. त्याखाली नवमी, रामनवमी, आणि तारीख, एप्रिल १९३३. दिवाळीच्या कितीतरी आधीची. आई खरी होती. वडिलांची मांडी खरी होती. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या पानावर तळहात ठेवून बसलो.

आणि मग मी बोटांवर वर्षं मोजली. एप्रिल तेहेतीस म्हणजे मला पंचवीस पूर्ण होऊन गेली होती. ह्याच एप्रिलात. कारखान्याचं दार तेवढ्याशा फरकानं बंद.

बाईंना मी कारखान्याचं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी कालचा कागद उचलायला हात पुढं केला. मी त्याच्या आधी तो ओढून घेतला.

"तो परत द्या," त्या म्हणाल्या. "चुकीचा आहे."

"का देऊ?"

"त्यावर माझी सही आहे."

"आणि माझी नोकरी आहे त्यावर." आणि मग मी सगळं सांगितलं. कानस, चौरस तुकडा, एक जुलै, उद्याची सकाळ. विद्यार्थी माना वर करून ऐकत होते. मला त्यांची पर्वा नव्हती.

बाईंचा चेहरा उतरला होता, पण आवाज तसाच राहिला. "मी तुमच्या हातातून ओढून घेणार नाही. दुसरा लिहून देते, बरोबर तारखेचा. दोन्ही तुमच्याकडं राहतील. पण एक सांगून ठेवते. कालचा कागद घेऊन कुणी इथं विचारायला आलं, तर तो चुकला आहे असंच मी सांगेन. विचारायला कुणी आलं नाही, तर मी कुणाला शोधत जाणार नाही."

"म्हणजे मला चोर ठरवणार?"

"नाही. मी चुकले असं सांगणार."

त्यांनी दुसरा कागद लिहिला. सही करताना पेन जोरात दाबलं गेलं, उलट्या बाजूला अक्षरं उमटलेली दिसत होती. दोन घड्या, दोन खिसे. डावीकडं चौतीस, उजवीकडं तेहेतीस.

संध्याकाळी घरात कुणी दिवा लावायलाही उठलं नाही. मामांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले.

"बाई म्हणाल्या ना, विचारायला आलं तर सांगेन. येणार कोण? कारखान्यातला साहेब इथं समुद्रावर येणार पंचांग बघायला? डावीकडचा दे. उजवीकडचा चुलीत घाल."

"शपथ घ्यायची आहे मामा. वडिलांचं नाव सांगून."

"शपथ तारखेची आहे. बापाची नाही."

"तारीखच बापाची आहे."

"अरे, तुझ्या ताठ्यावर भात शिजतो का? माझ्या बहिणीचे हात बघ! बघ एकदा!"

मी बघितले. बघायची गरज नव्हती, मला ते पाठ होते.

मला वाटलं होतं आई माझ्या बाजूनं बोलेल. मंगळवारी लाटणं थांबवणारी तीच होती. पण ती उठली, हात धुतले, पदराला पुसले, आणि डावीकडचा कागद उचलून माझ्यापुढं धरला.

"हें दे."

"आई?"

"मज ठाऊक आहे त्यांनी तुज भरविलें तें. बाईनेही पुस्तकांत दाखविलें. मज तेवढें पुरे. गेलेल्या माणसास कारखाना नको, तुज पाहिजे."

"आणि कुणी विचारलं तर? बाप गेल्यावर झाला का, म्हणून?"

"हो म्हणेन."

"तू म्हणशील?"

"मी म्हणेन. माझ्या तोंडानें म्हणेन. तुज काय त्याचें?"

तिचा आवाज जराही कापला नाही. मामा खाली बघत होते. हे मला सोसेना. तिनं रडावं, ओरडावं, मला चालणार होतं. तिनं इतक्या सरळपणे तो घास काढून माझ्या पगाराच्या ताटात ठेवावा, हे चालणार नव्हतं.

"तू म्हणशील," मी म्हटलं, "मी म्हणणार नाही."

"हट्टी मेल्या! बापावर गेलास!"

"तेच म्हणतोय मी. बापावर गेलो. बाप गेल्यावर नाही."

मामा हताश हसले, एकदाच, आणि लगेच चिडले. "सकाळी सात वाजता मी दारात येतो. अंघोळ करून तयार राहा. नोटरीकडून सरळ स्टेशन. रात्रभरात डोकं थंड होईल." आईनं डावीकडचा कागद स्वतः माझ्या शर्टाच्या खिशात घातला, आणि शर्ट खुंटीला लावला.

पुढं आयुष्यात कितीजणांनी मला ऐकवलं की तू चुकलास. मामांनी मरेपर्यंत ऐकवलं. सरकारी क्वार्टर गेलं, पेन्शन गेलं, आईचे अप्पळ सुटायला आणखी बरीच वर्षं लागली. हे सगळं खरं आहे. तरी मला पुन्हा त्या जागी उभं करा, मी तेच करीन. कुणाला पटो न पटो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, तोच शर्ट घातला, देवाला नमस्कार केला. आईनं पेल्यात गरम कापी दिली, डब्यात इडल्या बांधून दिल्या, स्टेशनावर खायला म्हणून. मामा धुतलेलं धोतर नेसून आले. आम्ही दोघं गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. मामा बसच्या थांब्याकडं वळले. मी समुद्राकडं वळलो.

"अरे! इकडं! नोटरी इकडं आहे!"

मी चालत राहिलो. मामांनी दोनदा हाक मारली, मग नावानं मारली, मग शिवी दिली. शिवी ऐकून मला कळलं की ते माझ्यामागं येणार नाहीत.

लायब्ररी उघडली नव्हती. पायरीवर बसून मी इडल्या खाल्ल्या. बाई छत्री घेऊन आल्या, मला बघितलं, घड्याळ बघितलं. आज गुरुवार हे त्यांना आठवत असणार. काही न विचारता त्यांनी मला आत घेतलं. मी डाव्या खिशातला कागद टेबलावर ठेवला. त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली, रेघेवर पुन्हा सही केली, आणि तो खणात टाकला.

"आणि दुसरा?"

"तो माझ्याकडं राहील."

त्यांनी मान हलवली. मी उठेन असं त्यांना वाटलं असावं. मी बसून राहिलो.

"आज तुमचा प्रश्न काय?" त्यांनी विचारलं.

"माझे वडील गेले, त्याची इंग्रजी तारीख. आणि त्याच्या आधी, माझं उष्टावण कधी झालं असेल तेही. मला काढायचंय."

"काढून देऊ?"

"नको. पुस्तक द्या."

त्यांनी कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल माझ्याकडं सरकवली. "तुमच्या शब्दांत लिहा."

मी मराठीत लिहिलं. सगळ्यात वर, प्रश्नाच्याही आधी, 'साल पाडव्याचं' असं लिहून खाली रेघ ओढली. मग सावकाश, एकेक अक्षर, वडिलांचं नाव लिहायला घेतलं.